माळवदावर नवे काही घालण्याआधी जुनी माती उतरवा

एरवी या पानावर आपण पेरणी, खते, रोग-किडी यांविषयी बोलतो. आज डोक्यावरच्या छताविषयी बोलायचे आहे. 'कृषी सहाय्यकाला माळवदाचं काय पडलंय?' असे कुणी विचारील. विचारणाऱ्याने २०२५ चा सप्टेंबर आठवून पाहावा. सीनेच्या पुराने परंडा, करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली गावे पाण्यात उभी होती. जिथे पूर नव्हता तिथे पाऊस उघडीप देत नव्हता. पिकांचे पंचनामे करायला तलाठी, ग्रामसेवक आणि मी असे तिघे चिखल तुडवत फिरत होतो. (सरकारने आता आम्हा तिघांचीही पदनामे बदलली आहेत, पण गावात अजून तलाठी तो तलाठीच आणि मी 'कृषीवाला'च.) आम्ही रानातले सोयाबीन बघायला जायचो आणि लोक आमचा हात धरून घरात न्यायचे. 'सोयाबीन गेलं ते गेलं सायेब, आधी हे वर बघा.' वर बघितले की पाटातून पाण्याचे थेंब पडत असायचे, तुळईला झोळ आलेला असायचा, आणि खाली भांडी मांडून ठेवलेली.

त्यातले एक घर माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्या घरात माझाही वाटा आहे. पाच खणांचे जुने माळवद. नवरा वारलेला, मावशी आणि तिचा मुलगा राहतात. चार वर्षांपूर्वी माळवद गळते म्हणून मुलाने मला विचारले होते. त्यांच्या शेततळ्याच्या अस्तराचा एक तुकडा उरलेला होता. मी सहज म्हणालो, 'अरे, तोच टाक की वर, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वरून चार इंच माती पसर.' त्याने तसेच केले. गळणे थांबले. मावशीने मला चहा पाजला, मी खूष. २०२५ च्या पावसात त्याच घराचा एक खण खाली आला. माणसे रात्रीची शाळेत झोपायला गेली होती म्हणून वाचली, दावणीची म्हैस वाचली नाही. ढिगारा उपसताना तुळईचे भिंतीत गेलेले टोक मी हातात घेतले तर ते भुश्यासारखे कुस्करले. अस्तराच्या खालची माती ओलीच होती. पाणी बाजूच्या भिंतीकडून आत शिरत होते आणि वर अस्तर असल्याने बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. गळणे थांबले होते ते खोलीत. तुळईच्या टोकाशी ओल मुरतच होती. आणि वर चार इंच मातीचे ओझे मीच सांगून चढवलेले.

म्हणून हा लेख. मी अर्धवट सल्ला दिला होता, तो आता पुरा देतो.

ओझे किती आहे, ते आधी मोजा

माळवद म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलचन, वर पाला-काटक्यांचा थर आणि त्यावर माती. उजेडाला मध्ये सानं, पाणी जायला पन्हळ. उन्हाळ्यात अंथरूण टाकायला, मिरच्या आणि सांडगे वाळवायला, डाळ घालायला यासारखी जागा नाही. घर थंड राहते ते वेगळेच. जुन्या माणसांनी हे उगीच बांधले नव्हते.

मातीची निवडही त्यांनी विचारानेच केली होती. काळी माती त्यांनी कधी माळवदावर घेतली नाही, कारण काळी पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात. गावठाणातली पांढर किंवा नदीकाठची चोपण त्यांनी वापरली. तुम्हाला माहीत आहे, चोपण रान म्हणजे डोकेदुखी. तिच्यातल्या सोडियममुळे मातीचे कण पाण्यात सुटे होतात, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी खाली जायचे थांबते. रानात पीक पिवळे पडते ते यामुळेच. पण तोच दोष छतावर गुण होतो. पहिल्या पावसात वरचा पातळ थर घट्ट मिटतो आणि पुढचे पाणी पन्हळीने निघून जाते. शेतात जिच्यावर जिप्सम टाकायचे तीच माती घरावर राखायची, असा हा हिशेब होता.

पण दर पावसात थोडी माती वाहून जाते, उंदीर बिळे करतात, कुठे पिंपळाचे रोप उगवते, आणि माळवद गळते. गळले की मृगाआधी वर चार पाट्या माती टाकायची. जुने कारभारी टाकण्याआधी वरचा सैल थर खरवडून काढत. तो नेम केव्हा सुटला कोण जाणे. आता कुणी खरवडत नाही, नुसते टाकतात. शिवाय पांढर आता मिळत नाही, मग जेसीबीने विहिरीतून काढलेली असेल ती माती, मुरूम, काहीही वर जाते. ती गळतेच, म्हणून पुढच्या वर्षी आणखी. मी पंचनाम्याच्या वेळी पडलेल्या घरांत फूटपट्टी लावून पाहिली. सव्वा-दीड फूट सहज भरली, दोन फुटांची घरेही निघाली. पडलेल्या थराला पट्टी लावली की वेगवेगळ्या वर्षांच्या मातीचे रंग एकावर एक दिसतात.

आता वजन काढा. दहा बाय बारा फुटांची खोली धरू, म्हणजे १२० चौरस फूट. त्यावर एक फूट जाड थर म्हणजे १२० घनफूट, जवळजवळ सव्वा ब्रास माती. दाबलेली कोरडी माती घनफुटाला सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे ५,४०० किलो, चोपन्न क्विंटल. साठ किलोचे पोते धरले तर नव्वद पोती त्या एका खोलीवर थापून ठेवली आहेत, आणि खाली आपण जेवतो. दोन फूट माती असेल तर १८० पोती. ही झाली कोरडी. आठ दिवसांच्या झडीत मुरलेले पाणी फूटभर थरात आणखी आठ-दहा क्विंटल वाढवते. दरवर्षी नुसता अर्धा इंच थर वाढला तरी सव्वादोन क्विंटल वजन चढते आणि वीस वर्षांत दहा इंच होतात. तुळई मात्र आजोबांनी घातली तेवढीच आहे, तीही वाळवीने आणि ओलीने दरवर्षी थोडी बारीक होत चाललेली.

ताडून पाहायला सांगतो. याच खोलीवर चार इंची सिमेंटचा स्लॅब असता तर तो सुमारे अठ्ठावीस क्विंटल भरला असता. ज्या स्लॅबला आपण जड म्हणतो तो फूटभर मातीच्या निम्मा. आणि पत्रे, पाइप, नटबोल्ट सगळे धरून जेमतेम दोन क्विंटल.

वरून झाकले म्हणजे दुरुस्त झाले नाही

सध्या गावोगाव माळवदाची 'दुरुस्ती' म्हणून जे चालले आहे ते सगळे एकाच जातीचे आहे. खालचे काही न उघडता वर आणखी एक थर. कुणी माती टाकतो, कुणी प्लॅस्टिक. कुणी दोन इंच कोबा करतो. कुणी माळवद तसेच ठेवून भिंतीच्या डोक्यावर पाइप टाकून पत्रे मारतो.

कोब्याचे आधी सांगतो, कारण त्याची सध्या फार टूम आहे आणि गवंडीही 'करा, काही होत नाही' म्हणतात. दोन इंच कोबा म्हणजे त्या खोलीवर तेरा क्विंटल जास्तीचे. शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे आकसते, फुगते, वजनाने लवते. सिमेंटला लवणे माहीत नाही. पहिल्याच वर्षी केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत जाते आणि खालची माती वाळायची म्हटली तर वर झाकण घट्ट. नांगराच्या तळाशी वर्षानुवर्षे जो कठीण थर तयार होतो आणि पाणी धरून ठेवतो, तसाच प्रकार. लाकूड भिजून लगेच वाळले तर बरीच वर्षे निभावते. ओल कोंडून राहिली की बुरशी लागते, वाळवी येते. वरून कोबा चकचकीत दिसतो, त्याखाली काय चालले आहे हे कळायला मार्ग नाही.

प्लॅस्टिकचेही तेच, माझ्या चुकीवरून तुम्ही समजलाच असाल. त्यातही मल्चिंगचा पेपर कुणी वापरू नये. पंचवीस-तीस मायक्रॉनचा तो कागद एका हंगामापुरता असतो, चिमणीच्या पायाने फाटतो. शेततळ्याचे अस्तर ५०० मायक्रॉनचे असते, ते टिकाऊ आहे, पण तेही ओल्या मातीवर पसरायचे नाही. भर पावसात गळते म्हणून घाईने प्लॅस्टिक अंथरले असेल तर पाऊस सरल्यावर ते काढून माती वाळू द्यावी. तात्पुरते म्हणून टाकलेले कायमचे राहते, ही आपली खोड आहे.

पत्र्याचा मार्ग तुलनेने बरा, पण लोक करतात तसा नव्हे. माती-दगडाच्या भिंतीवर पाइप ठेवायचे, पाइपावर पत्रे, पत्र्यावर वाऱ्याला म्हणून धोंडे. माळवदाला वाऱ्याची भीती नव्हती, ते आपल्या वजनानेच बसलेले असते. पत्र्याला वारा खालून उचलतो. एप्रिल-मे महिन्यात वळवाचे वादळ आले की पत्रा धोंड्यासकट उडतो आणि धोंडा कुणाच्या तरी डोक्यावर येतो. दर उन्हाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात, तरी धोंडे जात नाहीत. शिवाय खाली दीड फूट माती तशीच! पावसाचे पाणी थांबले एवढेच, ओझे कुठे गेले? एका सरपंचांना मी हे म्हणालो तर ते हसून म्हणाले, 'आता गळत नाही ना, मग झालं की.' भिंतीला मातीचे वजन पेलायचे आहे हे भिंतीला विचारायला हवे.

किल्लारीला आपण शिकलो होतो

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो, पण घरातल्या मोठ्यांकडून ती रात्र इतक्या वेळा ऐकली आहे की स्वतः पाहिल्यासारखी वाटते. इतकी माणसे का गेली याची उत्तरे नंतर तज्ज्ञांनी दिली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर कितीतरी क्विंटल माती. भिंती फुटल्या आणि माती खाली आली. ज्या घरांचे खांब आणि तुळया एकमेकांत घट्ट होत्या, तिथे भिंत बाहेर पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला अशी उदाहरणे होती. म्हणजे जुने लाकूडकाम वाईट नव्हते, हे लक्षात ठेवा.

बावन्न गावे नव्या जागी वसली, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच कार्यक्रमात, जागतिक बँकेच्या मदतीने, जी गावे हलवायची नव्हती तिथली घरे जागच्या जागी मजबूत करण्याचे कामही झाले, हे आता फार कुणी बोलत नाही. गवंड्यांना शिकवले गेले, महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' नेमून घरोघर समजावले गेले. कामे साधीच होती. छतावरची माती कमी करायची, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू मारायचे, भिंतीत आरपार दगड बसवायचे, भिंतीला पट्टा बांधायचा. नवीन घराला जो खर्च येतो त्याच्या मानाने हे काहीच नाही.

नव्वदच्या दशकात तो कार्यक्रम संपला आणि माती परत चढू लागली. भूकंपाची भीती एका पिढीची असते. पावसाची गळती दरवर्षीची.

पडल्यावर पैसे, पडण्याआधी नोटीस

आता सरकारी बाजू पाहू, कारण हे पान सरपंच आणि ग्रामसेवक मंडळीही वाचतात.

२०२५ च्या अतिवृष्टीत मदत ज्या निकषांनी वाटली गेली ते आठवा. घर पूर्ण पडले किंवा राहण्यायोग्य उरले नाही तर सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगरी भागात १,३०,०००. अंशतः पडझड, तीही किमान १५ टक्के असली तर, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. गोठ्याला ३,०००. दुभती म्हैस दगावली तर ३७,५००. मावशीच्या घरी पाचातला एक खण पडला, घर कच्च्यात धरले गेले. म्हणजे म्हशीचे ३७,५०० आणि जे छत अंगावर पडून ती मेली त्या छताचे ४,०००. उरलेल्या चार खणांवर माती तशीच आहे. चार हजारांत ती काय करणार? ताडपत्री आणली, वर टाकली, दोरीने बांधली. म्हणजे आणखी एक थर. पंचनाम्यावर माझी सही नव्हती, पण मी तिथेच उभा होतो, आणि मला मान वर करवेना.

यात तलाठ्याचा दोष नाही. तो रकान्यात बसेल तेच लिहिणार. घरकुल योजनेत पैसे मिळतात, पण ते नवे घर बांधायला, आणि यादीत नाव असेल तर. आहे त्या छताचे ओझे उतरवून, लाकूड तपासून ते सावरायला पैसे देणारा रकाना कुठल्याच कागदात नाही. ग्रामपंचायत पावसाळ्याआधी काय करते? धोकादायक घराच्या दारावर नोटीस चिकटवते. 'आपले घर राहण्यास योग्य नसून...' वगैरे. पुढे काही झाले तर नोटीस दिली होती एवढे दाखवायला ती उपयोगी पडते. घरमालकाने जायचे कुठे, हे नोटिशीत नसते.

माझे म्हणणे असे. पूर्ण घर पडल्यावर सव्वा लाख देण्यापेक्षा पडण्याआधी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात ते हलके करून सावरणे सरकारलाही स्वस्त आहे. माती उतरवणे हे काही कुशल काम नाही, त्याला घमेले, फावडे आणि माणसे लागतात. किल्लारीनंतर हे सरकारनेच करून दाखवले होते, तेव्हा 'नियमात बसत नाही' हे उत्तर पटत नाही. तोवर ग्रामसभेत निदान एवढे तरी व्हावे. नोटीस द्यायच्या घरांची यादी करताना छतावर किती इंच माती आहे हा एक रकाना हाताने आखून घ्यावा. सळई खुपसून दोन मिनिटांत मोजता येते. ज्यांच्याकडे फुटापेक्षा जास्त निघेल त्यांची नावे ठरावात घ्यावीत आणि तो ठराव पंचायत समितीकडे पाठवावा. आकडा लेखी गेला की पुढच्या माणसाला नाही म्हणायला त्रास होतो.

काम कसे करावे

काम एप्रिल-मे महिन्यात, माती पूर्ण कोरडी असताना. त्या दिवसांत बायका-पोरे आणि जनावरे घराबाहेर. आधी खालून प्रत्येक तुळईला मध्यावर बल्लीचे टेकू द्यावेत, टेकूखाली फळी ठेवावी म्हणजे तो जमिनीत रुतत नाही. मग वर चार-पाच माणसांपेक्षा जास्त चढवू नयेत. इर्जिकीसारखे पंधरा जण एकदम चढले तर ज्या ओझ्याची भीती आहे तेच आपण वाढवतो. माती साऱ्या खोलीवरून सारखी, थर थर काढत न्यावी. एका कोपऱ्यात ढीग घालून मग टोपल्या भरायच्या हा सोयीचा मार्ग आहे आणि घर पाडण्याचाही. काढलेली माती भिंतीला लावून टाकू नये, पावसाचे पाणी तिथे अडून पायात मुरते.

पाट उघडे पडले की खरी पाहणी. तुळईचे आणि कडीचे भिंतीत शिरणारे टोक आधी पाहा, कुजणे तिथूनच सुरू होते. जाड टोच्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने टोचा. चांगले सागवान टोच्याला दाद देत नाही. पोकर आत जात असेल, भुसा निघत असेल तर ते टोक गेले. हातोडीने वाजवले तर निरोगी लाकूड ठणठणते, पोखरलेले भदभदते. तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधा. मध्ये बोटभरापेक्षा जास्त झोळ दिसला तर जाणत्या सुताराला आणि जमल्यास पंचायत समितीच्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरून सुबक दिसणारा पाट खालून कागदासारखा झालेला मी पाहिला आहे. नवे काहीही घालायचे ते पक्क्या लाकडावर. कुजक्यावर ठोकलेला खिळा नुसता दिसायला असतो.

लाकूड ठीक असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, माळवदच राखायचे. पाटावर जुन्या मातीचा तीन-चार इंच थर चोपून सारखा करावा, पन्हळीकडे उतार द्यावा, त्यावर शेततळ्याचे जाड अस्तर एकसंध अंथरावे, कडा भिंतीच्या बाहेर वळवाव्यात म्हणजे पाणी भिंतीत शिरत नाही. माझ्या सल्ल्यात हेच राहिले होते. अस्तरावर पुन्हा तीन-चार इंच पांढर, उन्हाने प्लॅस्टिक करपू नये म्हणून. सगळे मिळून आठ इंच. पुढे कधी माती घालायची झाली तर तेवढीच आधी खरवडून काढायची.

दुसरा मार्ग, वर पत्र्याचे वेगळे छत. खर्च जास्त, पण मला हाच जास्त आवडतो. माळवदाची माती पाच-सहा इंचांवर आणायची आणि दोन-अडीच फूट वर पत्रे घालायचे. पत्र्याचा भार भिंतीवर नको, बाहेरून लोखंडी खांब उभे करावेत. खांबाचा खड्डा काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत न्यावा, कारण काळी फुगते-आकसते आणि खांब हलवते. पत्रे पाइपाला हुक-बोल्ट आणि रबरी वायसर लावून आवळावेत, धोंडे नकोत. वळचण दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नये, वारा तिलाच धरतो. पत्र्याने पाऊस अडतो, मधल्या हवेने आणि खालच्या मातीने ऊन अडते. नुसत्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात काय होते ते ज्यांनी माळवद मोडून पत्रे घातले त्यांना विचारा. दुपारी घरात माणूस सापडत नाही, सगळे लिंबाखाली.

या मधल्या रिकाम्या जागेवर एक गोष्ट हमखास होते, ती आधीच सांगतो. तिथे कडबा जातो. मग सोयाबीनचे भुसकट, जुनी अवजारे, कांद्याच्या गोण्या. उतरवलेले ओझे मागच्या दाराने परत वर. शिवाय उंदीर, त्यामागे साप, आणि एका ठिणगीत सगळे घर. ती जागा रिकामीच ठेवा.

आणि लाकूड गेलेले असेल तर? मग माती पूर्ण उतरवून ते छत सोडून द्यावे. सागाच्या चांगल्या कड्या-पाटांना बाजारात किंमत येते, त्यातून पत्र्याचा काही खर्च निघतो. आजोबांचे माळवद मोडताना जीवावर येते हे मला कळते. आमचेही होते.

उरतो प्रश्न उतरवलेल्या मातीचा. दोन खोल्यांतून तीन-चार ट्रॉल्या निघतात आणि लगेच कुणीतरी म्हणतो, 'पांढर आहे, रानात टाकू, खत होईल.' गावठाणाची जुनी पांढर पूर्वी खत म्हणून रानात जात असे हे खरे. पण माळवदावरची माती चोपण असू शकते, आणि ती चांगल्या रानात पसरली तर तुम्ही स्वतःच्या हाताने जमीन बिघडवाल. आधी अर्धा किलो नमुना माती परीक्षणाला द्या. सामू साडेआठच्या वर आला तर ती रानात नेऊ नका, गोठ्यासमोरच्या खड्ड्यात किंवा पाणंदीवर टाका. साडेआठच्या आत असेल तरी क्षारही तपासून मगच न्या, आणि एका जागी ढीग न घालता पातळ पसरा. नमुन्याची पिशवी कोरडी हवी, वर शेतकऱ्याचे नाव, गाव आणि 'माळवदाची माती' असे लिहिलेले. नाहीतर प्रयोगशाळेतले लोक गट नंबर विचारत बसतात.